राईएवढी गोगलगाय नवी आहे, हे ठरवतात कसं?

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते: अमुक डोंगरातून नवी प्रजाती सापडली. सोबत एक फोटो, दोन-तीन संशोधकांची नावं आणि एक लांबलचक लॅटिन नाव, जे दर पेपरात वेगळं छापलेलं असतं. वाचणाऱ्याचा समज असा होतो की कुणीतरी रानात गेलं, दगड उलटला, खाली गोगलगाय होती, आजवर ती कुणी पाहिली नव्हती, संपलं काम. खरं तर दगड उलटणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पुढचं काम टेबलावर होतं आणि कधी कधी ते वर्षानुवर्षं रेंगाळतं. कारण ‘ही मी पाहिली’ एवढ्यानं भागत नाही. आजवर ज्या ज्या गोगलगायींना नावं दिली गेली, त्यातली एकही ही नाही, हे दाखवून द्यावं लागतं.

एक खरं उदाहरण घेऊ. मेघालयातलं सोहरा, म्हणजे शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेलं चेरापुंजी. त्याच्याजवळ मॉस्माई नावाची चुनखडीची गुहा आहे. आत दिवे लावलेले आहेत, पर्यटक वाकून, अंग चोरून आत शिरतात आणि पलीकडून बाहेर पडतात. बंगळुरूच्या ‘एट्री’ या संस्थेतले निपू कुमार दास आणि एन. ए. अरविंद यांनी या गुहेतून काही वर्षांपूर्वी एक गोगलगाय जगासमोर आणली: जिओरिसा मॉस्माईएन्सिस. पूर्ण वाढलेली गोगलगाय दोन मिलिमीटरपेक्षाही लहान. गुहेत शिरलेल्या शंभरातल्या शंभर जणांच्या नजरेतून ती सुटणार, हे सांगायला नको.

आता गंमत अशी की याच मॉस्माईच्या परिसरातून १८५१ साली विल्यम हेन्री बेन्सन यांनी एका तशाच चिमुकल्या गोगलगायीचं वर्णन केलेलं होतं. तिला आज जिओरिसा सॅरिटा म्हणतात. म्हणजे नवी गोगलगाय हातात आली तेव्हा पहिला प्रश्न साहजिकच हा, की ही बेन्सनचीच तर नव्हे? उत्तर मिळालं ते शंखाच्या पृष्ठभागावर. नव्या गोगलगायीच्या शेवटच्या वेढ्यावर चार ठळक आडव्या रेघा आहेत. बेन्सनच्या गोगलगायीवर सात आहेत, पण त्या फिकट. शिवाय आकारमानातही फरक आहे.

चार रेघा की सात, एवढ्यावरून नवी प्रजाती? हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो पडायलाच हवा. वर्गीकरण करणारे लोक उगाच केसाची फोड करतात, असा एक आरोप जुनाच आहे आणि तो दर वेळी खोटा असतो असंही नाही. पण गोगलगायींच्या बाबतीत या रेघांना वजन का आहे, हे कळायला आधी गोगलगाय कशी जगते ते पाहावं लागतं.

गोगलगायीला ओल लागते. अंगावरचा चिकट ओलावा वाळला की तिचं चालणं थांबतं, आणखी वाळला की जगणं. दोन मिलिमीटरच्या जिवाला डोंगराच्या एका उतारावरून मधली उन्हाळी, उघडी दरी ओलांडून समोरच्या उतारावर जाणं जवळपास अशक्य. त्यामुळे ओल्या, दाट जंगलाचा प्रत्येक माथा तिच्यासाठी बेट असतो आणि भोवतीचा कोरडा सखल भाग हा समुद्र. दक्षिणेत निलगिरी आणि अण्णामलाई यांच्या मधली पालघाटची खिंड साधारण तीस किलोमीटर रुंद आहे. हत्तीला ती काहीच नाही. गोगलगायीला मात्र लाखो वर्षं पुरणारी भिंत आहे. अशा दोन बाजूंना अडकलेल्या गोगलगायी आपापसात मिसळत नाहीत, हळूहळू वेगळ्या होत जातात, आणि तो वेगळेपणा कधी रेघांमध्ये दिसतो, कधी तोंडाच्या काठात, कधी बाहेरून अजिबात दिसत नाही.

अर्थात ही भिंत अगदी अभेद्य नसते. जपानच्या हाहाजिमा बेटावर अडीच मिलिमीटरच्या एका गोगलगायीवर प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०१२ साली आले. या गोगलगायी पक्ष्यांना खाऊ घातल्या, तर त्यांतल्या साधारण पंधरा टक्के पक्ष्याच्या पोटातून दुसऱ्या टोकाला जिवंत बाहेर आल्या. एकीनं तर बाहेर आल्यावर पिल्लांना जन्म दिला. म्हणजे छोट्या गोगलगायी क्वचित विमानप्रवासही करतात. म्हणूनच ‘दुसरा डोंगर, म्हणजे दुसरी प्रजाती’ असं डोळे मिटून म्हणता येत नाही. पुरावा दाखवावाच लागतो.

हा पुरावा गोळा करण्याची सुरुवात मातीत हात घालून होते.

मोठी गोगलगाय रात्री बॅटरी घेऊन फिरलं की दिसते. राईएवढ्या गोगलगायीला शोधायचं तर जंगलातला पालापाचोळा वरच्या मातीसकट कापडी पिशवीत भरून आणतात. तो सावलीत वाळवतात आणि चाळण्यांतून काढतात. वरची चाळण जाड भोकांची, तिच्यात पानं आणि काटक्या अडतात. खालची बारीक, तिच्यात अडकलेला चुरा पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून भिंगाखाली चिमट्यानं एकेक कण सरकवत बघायचा. यात बी असते, मुंग्यांची डोकी असतात, किड्यांची विष्ठा असते, आणि या सगळ्यात एखादा दाणा असा निघतो ज्याला वेढे असतात. मानेचा काटा ढिला करणारं काम आहे. चुनखडीच्या कड्याखालची माती असेल तर आणखी एक युक्ती करतात. माती बादलीभर पाण्यात टाकून ढवळतात. जड माती खाली बसते आणि रिकाम्या शंखांत हवा अडकलेली असल्यानं ते वर तरंगतात. मग बारीक गाळणीनं वरचा थर उचलून वाळवायचा.

चुनखडीचा उल्लेख उगाच केला नाही. शंख बनतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचाच. जिथे खडकच चुन्याचा आहे तिथे गोगलगायींची चंगळ असते आणि मेल्यावर त्यांचे शंखही मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मेघालय, मलेशिया, व्हिएतनाम, दक्षिण चीन इथून चिमुकल्या गोगलगायींच्या नव्या प्रजाती सारख्या येत राहतात त्याचं एक मोठं कारण हे. आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्टचा कातळ आणि वर जांभा. प्रचंड पावसानं माती धुऊन निघते, आम्ल होते, आणि रिकामा शंख तिच्यात विरघळून जातो. त्यामुळे इथे बादलीची युक्ती फारशी कामाची नाही. जिवंत गोगलगायच शोधावी लागते, तीही पावसात, जळवा अंगावर घेत.

जिवंत गोगलगाय मिळाली तर दुसरी पंचाईत. हात लावला की ती आत जाते आणि तशीच अल्कोहोलमध्ये टाकली तर कायमची आकसून बसते. मग तिच्या शरीराचा काहीच अभ्यास करता येत नाही. म्हणून तिला आधी काठोकाठ भरलेल्या, हवेचा बुडबुडाही नसलेल्या बाटलीत पाण्यात ठेवतात. रात्रभरात ती अंग पूर्ण बाहेर काढून मरते, मग अल्कोहोलमध्ये जाते. वाचायला क्रूर वाटतं आणि आहेच. म्हणून जाणकार गोळा करतात ते मोजकंच, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते ती वेगळी.

आता शंख. गोगलगायींचं बहुतेक जुनं शास्त्र शंखावरच उभं आहे, कारण तोच टिकतो. शंखाकडे पाहताना आधी एक गोष्ट तपासतात: ही मोठी आहे की पिल्लू? पिल्लांचे शंख एकमेकांसारखे दिसतात आणि पिल्लावरून नवी प्रजाती जाहीर केली तर पुढे हसं होतं. अनेक गोगलगायींमध्ये वाढ पूर्ण झाली की तोंडाचा काठ जाड होतो, बाहेर वळतो. तो काठ दिसला की पुढची मोजमापं घ्यायची: उंची, रुंदी, वेढे किती, तोंडाचा आकार कसा, खालच्या बाजूला मधोमध जी बेंबी असते ती उघडी आहे की बुजलेली.

शंख डावा की उजवा, हेही पाहतात. शेंडा वर धरून तोंड आपल्याकडे केलं आणि ते उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. बहुतेक गोगलगायी उजव्याच असतात. कोकणात आणि मुंबईत पावसात भिंतींवर दिसणारी एरिओफँटा लेव्हिपेस मात्र डावी आहे. इथे एक सावधगिरी. देवघरातला दुर्मिळ ‘दक्षिणावर्ती’ शंख हा जीवशास्त्राच्या हिशेबानं डावा ठरतो, कारण आपण शंख उलट्या टोकानं धरून बघतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त एकीतला शब्द दुसरीत नेला की घोटाळा होतो.

रेघांचं म्हणाल तर त्या साध्या भिंगातून नीट दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शंखावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवतात आणि मग त्याची छायाचित्रं घेतात. त्यात शेंड्यावरचा पहिला दीड-दोन वेढ्यांचा भाग फार बारकाईनं पाहतात. तो गोगलगाय अंड्यात असतानाच तयार झालेला असतो, त्यामुळे बाहेरच्या हवामानाचा, अन्नाचा त्याच्यावर तितका परिणाम झालेला नसतो. त्यावर खाचा असतात, जाळी असते, रेघा असतात, किंवा तो अगदी गुळगुळीत असतो. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वात देखणं दृश्य हेच. नुसत्या डोळ्यांना वाळूचा कण वाटणाऱ्या वस्तूवर ओळीनं कोरलेल्या बरगड्या दिसतात.

एकाच शंखावर चार रेघा दिसल्या म्हणून काही ठरत नाही. झिजलेल्या शंखावरच्या रेघा पुसट होतात, दुखापत झालेला शंख वेडावाकडा वाढतो. बऱ्याच गोगलगायींमध्ये तोच फरक सातत्यानं दिसला आणि मधल्या पायऱ्यांचे, म्हणजे पाच किंवा सहा रेघांचे नमुने मिळाले नाहीत, तरच त्या रेघांना अर्थ येतो.

आता येतो खरा कंटाळवाणा आणि खरा महत्त्वाचा भाग. तुलना कशाशी करायची?

भारतातल्या जमिनीवरच्या गोगलगायींच्या नोंदल्या गेलेल्या प्रजाती अकराशेच्या वर आहेत. त्यातल्या बहुतेकांची नावं एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला पडली, आणि ती देणारे लोक मोठे मासलेवाईक होते. पोटापाण्याला वेगळी नोकरी आणि जीव शंखांत. बेन्सन हे बंगालच्या मुलकी सेवेत होते. रिचर्ड हेन्री बेडम मद्रास इलाख्यात वनाधिकारी. साप, नेचे आणि गोगलगायी असा त्यांचा तिहेरी संसार. ब्लॅनफर्ड बंधू भूगर्भशास्त्रज्ञ. आणि हेन्री हॅवरशॅम गॉडविन-ऑस्टिन हे सर्वेक्षण खात्यातले. के-२ शिखराला ज्यांच्या नावानं माउंट गॉडविन-ऑस्टिन म्हणतात ते हेच. खासी टेकड्यांचे नकाशे काढता काढता त्यांनी गोगलगायी गोळा केल्या आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या वर्णनात घालवलं. या सगळ्यांचं काम एकत्र करून ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे गोगलगायींवरचे तीन खंड १९०८, १९१४ आणि १९२१ साली निघाले. आजही कुणी नवी गोगलगाय हातात घेतली की आधी हेच खंड उघडतात.

बेन्सन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतातल्या कितीतरी नाजूक, चिमुकल्या गोगलगायींना नाव देणाऱ्या या माणसानंच १८४७ साली मॉरिशसहून आफ्रिकन महाकाय गोगलगायी कलकत्त्यात आणल्या आणि त्या चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. पुढे त्या देशभर पसरल्या. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं उगवता उगवता खाल्ली, शेतकऱ्यांनी दुबार पेरण्या केल्या, ते संकट मूळचं याच परदेशी पाहुणीचं. आपल्याकडे ‘गोगलगाय’ म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते ती हिच्यामुळे. जंगलातल्या राईएवढ्या गोगलगायींचा त्यात काही दोष नाही. त्या बुरशी, शेवाळ, कुजणारी पानं यांवर जगतात.

तर या जुन्या मंडळींचं वर्णन म्हणजे बऱ्याचदा चार-पाच ओळींचं लॅटिन, चित्र नाही, आणि ठिकाण म्हणून नुसतं ‘निलगिरी’ किंवा ‘खासी टेकड्या’. एवढ्यावरून आपल्या हातातली गोगलगाय तीच की वेगळी, हे कुणाला कळणार? म्हणून मूळ नमुना पाहावा लागतो, म्हणजे ज्या शंखावरून बेन्सन किंवा बेडम यांनी ते नाव दिलं, तोच शंख. हे शंख लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये, केंब्रिजच्या संग्रहात, कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे असे विखुरलेले आहेत. काही फुटलेत, काहींच्या चिठ्ठ्या बदलल्यात, काही हरवलेत. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर आधीचे फेरफार बघावेच लागतात, ते कितीही जुन्या मोडीत असोत. इथेही तसंच आहे. कारण नियम असा की एकाच प्रजातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं बाद होतं. आधीचं म्हणजे किती आधीचं? प्राण्यांच्या नावांचा हिशेब १ जानेवारी १७५८ पासून सुरू होतो. १८६० साली कुणीतरी दुर्लक्षित मासिकात दोन ओळींत दिलेलं नाव आज तुमच्या नव्या नावाला पाडू शकतं.

भारतातल्या संशोधकाला या कामासाठी लंडनला जाणं दर वेळी परवडत नाही. मग संग्रहालयाकडून छायाचित्रं मागवायची, त्यांनी पाठवेपर्यंत थांबायचं, छायाचित्रात नेमकी बेंबी दिसत नाही म्हणून पुन्हा लिहायचं. अलीकडे संग्रहालयं मूळ नमुन्यांची छायाचित्रं इंटरनेटवर खुली करू लागली आहेत, त्यानं बराच फरक पडला आहे.

शंखानं कधी कधी फसवणूकही होते. दोन अगदी लांबच्या नात्यातल्या गोगलगायी सारख्या जागी राहून सारखाच शंख घडवतात. म्हणून शरीराच्या आतलं पाहतात. गोगलगायीच्या तोंडात सूक्ष्म दातांची एक पट्टी असते, तिनं ती अन्न खरवडते. या पट्टीवरच्या दातांची मांडणी गटागटांत वेगळी असते. प्रजननेंद्रियांची रचना तर फारच उपयोगी पडते. पण दोन मिलिमीटरच्या प्राण्याचं विच्छेदन म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. सुया लागतात त्या कीटक टोचण्याच्या, आणि श्वास रोखून काम करावं लागतं.

नात्यांचं म्हणाल तर तिथेही आश्चर्य आहे. आपण सरसकट ‘गोगलगाय’ म्हणतो, पण समुद्रातून जमिनीवर गोगलगायींनी एकदा नाही, अनेकदा स्वतंत्रपणे चढाई केली. अंगणात दिसणाऱ्या गोगलगायी फुफ्फुसासारख्या पोकळीनं श्वास घेतात, त्यांच्यात नर-मादी एकाच शरीरात असतात, आणि दार लावायला झाकण नसतं. मॉस्माईची जिओरिसा मात्र झाकणवाली. तिचा गट ज्या मोठ्या शाखेत मोडतो त्यातले पुष्कळ सदस्य अजूनही पाण्यातच आहेत. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकांना चिकटलेले जे गोल, जाड, काळसर नेराइट शंख दिसतात, ते तिचे लांबचे भाऊबंद. अंगणातली गोगलगाय तिला त्या मानानं परकीच.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डीएनए तपासा आणि मोकळे व्हा. डीएनए तपासतातच, पण त्यानं एका फटक्यात निकाल लागत नाही. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा सर्वांना लागू होणारा आकडा नाही. गोगलगायींच्या बाबतीत तर नाहीच. १९९६ साली युरोपातल्या एका अगदी नेहमीच्या बागेतल्या गोगलगायीचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासला तेव्हा एकाच प्रजातीच्या आत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला. इतर प्राण्यांमध्ये एवढ्या फरकावर दोन प्रजाती सहज करतात. एका जागी चिकटून राहणाऱ्या प्राण्यांच्या घराण्यांत असं होतं.

उलट बाजूचं उदाहरण बोर्निओतलं आहे, आणि तेही जिओरिसाचंच. तिथल्या एका चुनखडीच्या गुहेत एक गोगलगाय राहते आणि गुहेबाहेरच्या खडकांवर तिची नातेवाईक जिओरिसा सॉली. गुहेतली गोगलगाय बाहेरचीपासूनच निघाली आहे. २००७ साली तिला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं तेव्हा ‘सॉलीची लेक’ या अर्थाचं, जिओरिसा फिलियासॉली, असं दिलं. म्हणजे दोघींमधली रेष तिथे निसर्गच अजून काढतो आहे. अशा ठिकाणी दोन जाणकार दोन मतं देतात आणि दोघांनाही खोटं ठरवता येत नाही. प्रजाती म्हणजे सर्व उपलब्ध पुराव्यांवरून मांडलेला एक दावा असतो, आणि तो पुढे कुणी खोडूनही काढू शकतं.

दावा कुणालाही तपासता यावा म्हणूनच नियम आहेत. ज्या एका शंखावर नवं नाव टांगलेलं असतं त्याला मूळ नमुना ठरवून, क्रमांक देऊन, संग्रहालयात ठेवावं लागतं. २००० सालापासून असा नमुना स्पष्टपणे जाहीर केल्याशिवाय नाव वैध धरत नाहीत. बाकीचे सोबतचे नमुने पूरक म्हणून. कुठे सापडला, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, हे लिहायचं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात वर्णन आलं तर, २०१२ पासूनच्या नियमानुसार, ‘झूबँक’ या नोंदवहीत नोंद हवी. भारतात त्याहून एक पायरी जास्त आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार नवी प्रजाती शोधणाऱ्यानं सरकारनं नेमलेल्या संग्रहाला कळवून नमुना तिथे ठेवायला हवा. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग हा असा एक संग्रह.

नावाचं सांगायचं तर जागेवरून दिलं की शेवटी ‘एन्सिस’ येतं, मॉस्माईएन्सिससारखं. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर ‘आय’, स्त्रीच्या असेल तर ‘ए’ किंवा ‘ई’सारखा उच्चार असलेला प्रत्यय. स्वतःचंच नाव द्यायला नियमात थेट बंदी नाही, पण तसं केलं तर बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. ब्रुनेईच्या उलू टेंबुरोंग राष्ट्रीय उद्यानात २०२० साली जाहीर झालेल्या एका दोन मिलिमीटर उंचीच्या गोगलगायीला हवामान बदलाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या ग्रेटा थुनबर्गचं नाव मिळालं: क्रॅस्पेडोट्रोपिस ग्रेटाथुनबर्गी. ही शोधली ती हौशी माणसांनी, तज्ज्ञांच्या हाताखाली दहा दिवसांच्या शिबिरात. रात्री नदीकाठच्या उतारावर झुडपांच्या पानांवर ती चरताना सापडली, तपासणी जंगलातल्याच केंद्रात साध्या उपकरणांवर आणि इंटरनेटशिवाय झाली, आणि नावासाठी शिबिरात मतदान घेतलं. नाव निव्वळ प्रसिद्धीसाठी दिलं असं कुणी म्हणेल. पण ही गोगलगाय ज्या गटातली आहे तो दुष्काळ आणि वाढतं तापमान यांना फार लवकर बळी पडतो, त्यामुळे नाव अगदीच ओढूनताणून नाही. या क्रॅस्पेडोट्रोपिसची भावंडं आपल्या पश्चिम घाटातही आहेत.

सगळ्यात छोट्या गोगलगायीचं काय? व्हिएतनाममधल्या गुहेतल्या गाळातून मिळालेली अँगुस्टोपिला सॅमियन, २०२२ साली जाहीर झालेली, शंखाची उंची ०.४८ मिलिमीटर. तिचे फक्त रिकामे शंख मिळाले. म्हणजे तिला नाव आहे, क्रमांक आहे, विक्रम आहे, पण तिला जिवंत चालताना कुणी पाहिलेलं नाही. चिमुकल्या गोगलगायींच्या यादीत अशा पुष्कळ आहेत.

आणि काही अशाही, ज्या आता दिसणारच नाहीत. मलेशियात पहांग राज्यातल्या बुकित पांचिंग या एकाच चुनखडीच्या टेकडीवर प्लेक्टोस्टोमा सायाफिलम ही गोगलगाय राहत होती. टेकडी सिमेंटच्या धंद्याला लागली, खणून सपाट झाली, आणि ती प्रजाती तिच्याबरोबर संपली. याच देशात पेराक राज्यात गुनुंग कंथान नावाच्या टेकडीवर २०१४ मध्ये एक नवी गोगलगाय मिळाली. ती टेकडीही खाणीचीच. संशोधकांनी तिला तेव्हा खाण चालवणाऱ्या लाफार्ज या सिमेंट कंपनीचंच नाव दिलं: कॅरोपा लाफार्जी. आता ती संपली तर कुणाच्या नावानं संपली हे जगाच्या दप्तरात कायमचं राहणार. मला ही चाल बेहद्द आवडते.

सह्याद्रीत अशा चुनखडीच्या सुट्या टेकड्या नाहीत, त्यामुळे एका सुरुंगात प्रजाती संपण्याचा धोका तितका नाही. पण वणवा लागला की पालापाचोळा जळतो, आणि या गोगलगायींचं घर, अन्न, ओल सगळं त्या दोन-चार इंचांच्या थरातच असतं. पश्चिम घाटातून गोगलगायींच्या सुमारे २७० प्रजाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. जुन्या संग्राहकांची पायपीट निलगिरी-अण्णामलाईकडे जास्त झाली, उत्तरेकडचा सह्याद्री त्यामानानं मागे राहिला. २०२१ साली आंबोलीतून वरदिया आंबोलिएन्सिस ही अर्धवट शंखाची गोगलगाय जाहीर झाली, ती नुसती नवी प्रजाती नव्हती, तिच्यासाठी नवा जीनसच, म्हणजे प्रजातीच्या वरचा गटच, करावा लागला, आणि त्याला सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांचं नाव दिलं. दर पावसाळ्यात हजारो पर्यटक जिथे धबधब्याखाली भिजतात त्या घाटातून.

देवराईत किंवा घाटात अशी एखादी चिमुकली गोगलगाय दिसली तर उचलून घरी आणू नका. ते बेकायदेशीर ठरू शकतं आणि ठिकाणाची नोंद नसलेला शंख कुणाच्याच उपयोगाचा नाही. फोटो मात्र जरूर काढा, शेजारी पट्टी किंवा निदान नाणं ठेवून, तारीख आणि नेमकी जागा लिहून. वर्णन करणारे तीन बाजूंनी पाहतात: तोंडाकडून, शेंड्याकडून आणि खालून बेंबीकडून. तुमच्या फोटोत यातली बेंबी असेल तर ओळख पटवणारा माणूस तुम्हाला मनापासून धन्यवाद देईल, कारण बहुतेकांच्या फोटोत नेमकी तीच नसते.